सावल्याने दळलेलं दळण

सावल्याला हे नाव त्याच्या वडिलांनी दिलं, आणि तेही वैतागून. शेतात हा मुलगा शोधायचा तर पिकात शोधून उपयोग नसे. जिथे झाडाची सावली पडली असेल तिथे जायचं, की सापडलाच. ऊन सरकलं की सावली सरकायची आणि सावलीबरोबर हाही सरकायचा. "कार्ट्याची दिवसभरात एवढीच काय ती हालचाल," असं वडील म्हणत.

बाकीची हालचाल थोरल्या बहिणीच्या वाट्याला आली. ताई तांबडं फुटायच्या आत उठून दळायची, पाणी भरायची, गोठा साफ करायची, मग खुरपायला शेतात जायची आणि दुपारी सावल्याचा डबा सावलीत नेऊन द्यायची. "गिळा," म्हणायची. सावल्या उठून बसायचा, गिळायचा, पुन्हा आडवा व्हायचा. पण झोपायचा मात्र नाही हं. डोळे अर्धे मिटून बघत राहायचा. बघायला कष्ट पडत नाहीत, हा शोध त्याला फार लवकर लागला होता.

वडील गेले आणि नांगर धरायची वेळ त्याच्यावर आली. त्याने तो एकदाच धरला. बैल एका दिशेला गेले, नांगर दुसऱ्या दिशेला, आणि सावल्या तिसऱ्या, म्हणजे थेट शहराच्या. ताईने शेत शेजाऱ्याला कसायला दिलं, लग्न करून पलीकडच्या गावात गेली आणि तिथेही दळतच राहिली.

शहरात सावल्याने बसायला मिळेल अशाच नोकऱ्या शोधल्या. एका इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबली. लिफ्टला माणूस लागत नाही हे मालकाच्या लक्षात आलं, तशी ती नोकरी गेली. मग थिएटरच्या दारात तिकिटं फाडली, पण ते उभ्याने, त्यामुळे जमलं नाही. शेवटी चाळिशी उलटल्यावर संग्रहालयात रखवालदाराची जागा मिळाली. खुर्ची, डोक्यावर पंखा, जाडजूड भिंती, थंडगार फरशी. "आता मी इथून हलत नाही," त्याने बायकोला सांगितलं. "तुम्ही कुठून हलला होतात?" बायको म्हणाली. संग्रहालय कसलं आहे, हे विचारायचे कष्ट मात्र त्याने घेतले नव्हते.

पहिल्या दिवशी दालनात पाऊल टाकलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. समोर नांगर. शेजारी पाभर, कुळव, विळे, खुरपी. पलीकडच्या खोलीत जातं, उखळ, मुसळ, रवी, सुपं आणि ओळीने मांडलेले हंडे. ज्या ज्या वस्तूला चुकवून तो आजवर पळाला, ती प्रत्येक वस्तू तेलपाणी होऊन, दिव्याच्या उजेडात, त्याचीच वाट बघत बसलेली. मग भिंतीवरची पाटी दिसली. वस्तूंना हात लावू नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. हा नियम तो लहानपणापासूनच पाळत आला होता.

वर्षभर सगळं निवांत चाललं. मग एक दिवस शाळेची सहल आली आणि बाईंनी सहज विचारलं, "काका, तुम्ही वापरलंय का हो यातलं काही?"

सावल्या नाही म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. पण वर्गभर पोरं आ वासून त्याच्याकडे बघत होती. एवढ्या आदराने त्याच्याकडे आजवर कुणी, अगदी बैलांनीसुद्धा, बघितलं नव्हतं. जीभ घसरली.

"वापरलंय? अहो, हाडं झिजली यात!"

आणि सावल्या बोलत सुटला. पहाटे जात्याचा खुंटा कसा गार लागतो, पहिल्या मुठीला जातं कसं कुरकुरतं, एक पाय लांब करून बसलं नाही तर कंबर कशी धरते, हाताला फोड येतात, ते फुटतात, तिथेच दुसरे येतात. बाईंनी डोळे पुसले. एका पोराने तर त्याची सही मागितली.

त्यानंतर सावल्याचं कष्ट करणं थांबलंच नाही. रोज दोनदा तो खुर्चीत बसल्या बसल्या दळायचा, नांगरायचा, पाणी वाहायचा. संग्रहालयाच्या संचालकबाई भल्या होत्या, उत्साही होत्या. त्यांनी कौतुकाने त्याच्या खुर्चीला उशी दिली.

एका मंगळवारी एका गावच्या बायकांची बस आली. सावल्याचं दळण ऐन रंगात होतं. "तान्हं लेकरू आजारी असलं तरी दळण चुकत नाही," तो सांगत होता. "दळता दळता डुलकी लागली, तर कपाळ खुंट्यावर आपटायचं. ही बघा खूण." कपाळावर खूण होती खरी, पण ती झाडाखाली झोपला असताना पडलेल्या कैरीची.

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. "आणि दादा, तुम्ही एवढं राबत होता, तेव्हा घरात बहीण नव्हती का कुणी?"

सावल्याने मान उंच करून पाहिलं. ताई! पिकलेले केस, तीच हनुवटी, आणि कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, खुंट्याची खरीखुरी खूण.

आता शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल पायात आणि पाय खुर्चीखाली. "होती की," तो म्हणाला. "पण ती... ती झोपायची."

ताईचा चेहरा तसाच राहिला. "अगंबाई! काय नशीबवान बाई ती," ती म्हणाली. "मग दादा, जरा दळून दाखवा की. आम्ही आता गिरणीतूनच आणतो. विसरलो सगळं."

संचालकबाईंनी आनंदाने टाळीच वाजवली. "छान कल्पना! कोठीत दुसरं जातं आहे, ते वापरासाठीच ठेवलंय!" नको नको म्हणेपर्यंत जातं आलं, पसाभर गहूही आले. सावल्या खाली बसला. एक पाय लांब केला. इथवर सगळं अगदी बरोबर होतं. त्याने खुंटा धरून ओढला. जातं हललं नाही. पुन्हा ओढला, तसा सावल्याच जात्याभोवती अर्धा फिरला. तिसऱ्यांदा दगड फिरला आणि दाणे फटाफट उडून संचालकबाईंच्या चपलेत गेले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि ताई शांतपणे चालत गेली, त्याच्या खुर्चीत बसली, उशी पाठीशी घेतली आणि पंख्याकडे बघून म्हणाली, "बरं आहे हो इथे. चालू द्या."

जवळजवळ मूठभर दळून होईपर्यंत तिने त्याला उठू दिलं नाही. पीठ कसलं, रवाळ चुराच तो.

बायका पुढच्या दालनात गेल्यावर दोघं मागच्या ओट्यावर चहा प्यायला बसली. सावल्या तळहातावर फुंकर घालत होता. शिव्यांची वाट बघत होता.

"सांगितलं का नाहीस सगळ्यांसमोर?" शेवटी त्यानेच विचारलं.

"काय सांगू? माझा भाऊ खोटारडा आहे? ते तर त्या दाण्यांनीच सांगितलं." ताईने बशीत चहा ओतला. "पण काय रे, खुंटा गार लागतो, पहिल्या मुठीला जातं कुरकुरतं, हे तुला कसं ठाऊक?"

"बघायचो की. तूच बडबडायचीस दळताना. मी गोधडीत जागाच असायचो."

"जागा असायचास!" ताईची बशी हातातच राहिली. "मेल्या, जागा असून उठायचा नाहीस?"

"गार असायचं गं."

ताई आधी चिडली, मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता कधी डोळे भरले ते तिलाही कळलं नाही. "एवढी वर्षं दळलं," ती म्हणाली, "नवऱ्याने नाही विचारलं, पोरांनी नाही. आज सगळ्या बायकांसमोर कुणीतरी नीट सांगितलं. तेही एका ऐतखाऊने."

संचालकबाईंनी तिला विचारून पाहिलं, आठवड्यातून एकदा येऊन माहिती सांगाल का? ताईने हात जोडले. "ती कटकट सुटली ती सुटली बाई. बोलायला हा आहेच. याला दुसरं येतंय काय?"

त्या दिवसापासून सावल्याच्या गोष्टीत दळणारी ताई आली. तो स्वतः गोधडीत गेला. पोरांना ते जास्तच आवडलं, कारण आता शिव्या द्यायला एक माणूस मिळाला. पण खरं फार दिवस जिभेवर ठेवणं सावल्याच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. पावसाळा सरेपर्यंत ताई एका हाताने दळत होती आणि दुसऱ्या हाताने चिखलात रुतलेला बैल बाहेर काढत होती.

ते गावापर्यंत पोहोचलंच. एके संध्याकाळी ताईचा फोन आला. "काय रे, मी एका हाताने बैल उचलायचे म्हणे?"

"लोकांना आवडतं गं," सावल्या चाचरत म्हणाला. "कमी करू का?"

पलीकडे ताईने टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ताई म्हणाली, "दोन बैल कर. एकाने काय होतंय."