लिंबाखालची पिसं

लग्न होऊन मी अमडापूरला आले तेव्हा घरात तीनच माणसं होती. सासरे, त्यांची विधवा बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि मी. माझे यजमान चिखलीला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होते, ते आठवड्यातून एकदा येत. सासूबाई फार आधीच वारल्या होत्या. घर सगळं आत्याबाईंच्या हातात होतं आणि त्या फार बोलत नसत.

घरामागे परस होतं. त्यात कागदी लिंबाचं एक दाट, काटेरी झाड, दोन पेरू, शेवगा आणि मेंदीचं कुंपण. मी तिथे मातीच्या परळात पाणी ठेवायची. उन्हाळाभर आणि पावसाच्या सुरुवातीला तिथे चिमण्या, बुलबुल, साळुंक्या यांची नुसती झुंबड असे. पहाटे शेवग्यावर दयाळ गायचा. भाकऱ्या थापताना तेवढीच मला सोबत होती.

पोळा झाला आणि भादव्यात पाखरं कमी व्हायला लागली. आधी दयाळ गप्प झाला. मग साळुंक्या येईनाशा झाल्या. चिमण्यांचा तर पत्ताच नाही. परळातलं पाणी सकाळी जसं भरावं तसंच संध्याकाळी दिसायचं. त्यातच एक दिवस लिंबाखाली मला पिसं सापडली. काळपट, तपकिरी, काही टोकाला पांढरी. दुसऱ्या दिवशी आणखी सापडली.

माझ्या मनात लगेच आत्याबाई आल्या. त्याला कारण होतं. माळ्यावरच्या धान्याला उंदीर लागले होते, म्हणून त्यांनी बाजारातल्या अत्ताराकडून सोमल, म्हणजे उंदरांना घालायचं जहर, आणला होता. तो कणकेत मळून त्याच्या गोळ्या करताना मी त्यांना पाहिलं होतं. वर पाखरांवर त्यांचा राग. वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या चिमण्यांनी टोचल्या की त्या दिवसभर धुसफुसत.

मी ती पिसं एका फडक्यात बांधून मडक्यांच्या उतरंडीमागे ठेवली. यजमानांना दाखवायची म्हणून. आणि आत्याबाईंवर नजर ठेवायला लागले. रोज उजाडताच त्या पदराखाली काहीतरी घेऊन परसात जात आणि परत आल्या की राखेने हात चोळून चोळून धूत. एकदा मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, परसात पाखरं दिसून नाही राह्यले आजकाल."

"मग?" त्या म्हणाल्या. "बरंच आहे न. वड्या तरी वाळतीन."

एवढंच बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तवा उतरवायच्या निमित्ताने चुलीकडे वळले. त्या दिवसापासून त्या मला एकटीला स्वयंपाकघरात सोडेनाशा झाल्या. मी वाढलेलं ताट त्या आधी न्याहाळत, मग जेवत. याचा अर्थ मी माझ्या परीने लावला: बाईच्या मनात खोट आहे, म्हणून ती बिचकते.

यजमान आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "मारले असते तर मेलेले पाखरं कुठी आहेत?"

हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. मी शोध घेतला. कुंपणाखाली, पेरूमागे, खताच्या खड्ड्याशी. एकही मेलेलं पाखरू नाही. मात्र पेरूच्या मुळाशी माती ताजी उकरलेली दिसली. आत्याबाई नदीवर धुणं घेऊन गेल्याचं पाहून मी खुरपं घेतलं आणि ती माती काढली. आत उंदीर होते. फुगलेले, एकावर एक. पाखरू एकही नव्हतं.

मी माती परत लोटत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "काय उकरून राह्यली?"

आत्याबाई परत आल्या होत्या. त्यांच्या हातात उतरंडीमागचं माझं फडकं होतं. त्यांनी ते माझ्यापुढे सोडलं आणि पिसं वाऱ्यावर हलली.

"हे कोनासाठी ठेवले तू? भावाले माह्या चार रोज ताप होता. माह्या पोटात कळा येऊन राह्यल्या. खरं सांग, कोनावर करणी करून राह्यली?"

मी खुरपं खाली ठेवलं. त्या मला भीत होत्या. माझ्या हातचं जेवताना त्या भीत होत्या.

"मले वाटलं," मी कसंबसं म्हटलं, "तुम्ही पाखरं मारून राह्यल्या. सोमल घालून. म्हणून पिसं ठेवले."

त्या खाली बसल्या आणि उंदरांकडे बोट दाखवलं. "हे काऊन पुरले, समजलं काय तुले? घरात मेलेले उंदीर कोनी पाह्यले तर गावात गाठीच्या तापाची, पिलेगाची हूल उठन. मंग सरकारचे लोक येतीन अन् आपल्याले घर सोडून वावरात झोपड्या बांधा लागतीन. भावालेबी सांगतलं नाही मी."

"मग पिसं कुठून आले?"

"ते मले काय माहीत?"

आम्ही दोघी लिंबाशी गेलो. काटे चुकवत मी फांदी बाजूला केली. आत, अगदी खोडाशी, एक बुलबुल गुपचूप बसला होता. त्याला शेपूट नव्हतं आणि मानेवरची पिसं विस्कटली होती. आत्याबाई म्हणाल्या, "मांजरानं धरला असन." पण वरच्या फांदीवर आणखी एक तसाच होता. दोघेही चूप. हाकललं तरी जेमतेम पलीकडच्या फांदीवर गेले.

त्यानंतर दुपारची कामं आटोपली की आम्ही दोघी ओट्यावरून पाहत बसायचो. दोघींनी बसायचं ठरवलं ते प्रेमाने नव्हे. एकटीने पाहिलेलं दुसरीला खरं वाटलं नसतं, म्हणून. हळूहळू त्या बुलबुलाच्या शेपटाच्या जागी काळी टोकं फुटली. मग आत्याबाईच म्हणाल्या, "माह्या सासरी कोंबड्या होत्या, त्याबी या दिवसांत पिसं टाकत. तवा त्या कोपऱ्यात बसून राह्यत, अंडंबी देत नसत." पिल्लं मोठी झाली, आता पाखरं जुनी पिसं टाकत होती आणि नवी येईपर्यंत उडता येईना म्हणून लपत होती. गाण्याचीही गरज उरली नव्हती. एवढं आम्हाला पटलं. पण चिमण्या कुठे गेल्या, याचा उलगडा होईना, आणि सोमलाचा संशय माझ्या मनातून पुरता जाईना.

आश्विनात मी आणि आत्याबाई सासऱ्यांची भाकर घेऊन वावरात गेलो. बाजरी भरली होती, बांधावरचं गवत बियांनी वाकलं होतं. सासरे राखणीच्या मचाणावर उभे राहून गोफण फिरवत होते. दगड सुटला आणि बाजरीतून चिमण्यांचा एवढा थवा उठला की क्षणभर ऊन झाकलं गेलं. बांधावर साळुंक्या टोळ टिपत हिंडत होत्या.

"घ्या," सासरे वरून म्हणाले, "साऱ्या गावच्या चिमण्या इथीच जेवून राह्यल्या."

आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोजून घे. तुह्या साऱ्या आहेत काय त्यात?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पहिल्यांदाच.

परतताना शेतांमधल्या पांदीच्या वाटेवर त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा सासरच्यांना उंबऱ्याशी लिंबू आणि कोंबडीची पिसं सापडली होती. कोणी टाकली ते कधीच कळलं नाही. दिराने त्यांना गाडीत बसवून माहेरी आणून सोडलं.

"मले कोनी इचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी तुले इचारलं तरी. नाहीतर तुलेबी माहेरी धाडलं असतं."

"अन् मी नसतं इचारलं तर?" मी म्हटलं.

"तू कुठी इचारलं? तू तर उकरलं."

मग त्यांनी माझ्या डोक्यावरची रिकामी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागल्या.