कडीला बांधलेला पंचा

आमच्या जळगावच्या गल्लीत पाइपच्या कारखान्यातले एक नाना राहतात. पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून भेटले की आधी वार विचारतात. दिवसा झोपायचं असलं की दाराच्या कडीला लाल पंचा बांधतात. तो दिसला की भाजीवालीसुद्धा ओरडत नाही.

यंदा पंचा दोन महिने रोजच दिसला. एका सकाळी नाना तो बांधत असताना मी विचारलं, "नाना, सारखी रातपाळीच?"

"मना जोडीदारले झोपच लागेना, भाऊ. मशीनसमोर उभा राहीसन रडे. त्यानी रातपाळी बी मीच लिधी."

"त्याचीही रातपाळी तुम्हीच घेतली, मग तुमची झोप?"

त्यांनी गाठ घट्ट केली. "आज कोनता वार शे?"

एरवी मी हसतो. त्या दिवशी वार सांगितला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी घरी आलो.