शिवी त्यांची, तोंड माझं

टेबलाच्या पलीकडं प्रिन्सिपल मॅडम. अलीकडं माझी आई. दोघींच्या घरात मराठीच बोलतात. आणि मधे मी उभी, तिसरीतली पोरगी. दुभाषी म्हणून.

आई म्हणाली, "नमस्कार बाई. पोरगी कशी हाय अभ्यासात?"

मॅडमनी आईकडं बघितलंच न्हाय. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "टेल हर, नो मराठी इन माय ऑफिस."

आम्ही दारात थांबलो होतो तवा ह्याच मॅडम फोनवर घरी कुणाला तरी सांगत होत्या, भेंडी पुसून चिर, कुकर लावू नकोस, मी आल्यावर लावते. स्वच्छ मराठी. आईनं ऐकलंतं. मीबी ऐकलंतं. तरी मी आईला सांगितलं, "आई, मॅडम म्हणतात हितं मराठी बोलायचं न्हाय."

आई म्हणाली, "मग मी काय बोलू?"

हे मॅडमना इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कळंना. मॅडम हसल्या. बाजूला बसलेल्या टीचर हसल्या. त्या हसल्या म्हणून आईबी हसली. आईचं ते हसणं मला अजून सहन होत न्हाय.

आमचं गाव सीमाभागातलं येळ्ळूर, घरात मराठी, सरकार कन्नड. पण आप्पा उद्यमबागच्या फाउंड्रीत कामाला, म्हणून आम्ही टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ एका खोलीत भाड्यानं राहायचो. आई टिळकवाडीतल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. गरिबांच्या पोरांस्नी खाजगी शाळेत काही जागा फुकट द्यायच्या, असा कायदा आला. आम्ही त्याला फ्री सीट म्हणायचो. सोडतीत माझं नाव निघालं. आप्पानं गल्लीत कुंदा वाटला. पोरगी इंग्लिश मीडियमला लागली म्हंजे आता रांकेला लागली, असं त्याला वाटलं. वाटणारच. कुणाला वाटणार न्हाय?

आईला बंगल्यांतल्या बायका माहीत होत्या. मॅडम त्यांच्यातल्याच. कामाला ठेवताना, पगार ठरवताना, ताट नीट घासलं न्हाय म्हणून ओरडताना त्यास्नी चांगलं मराठी येतं. पोरीच्या शाळेत भेटल्या की येत न्हाय. घरी जाताना मी आईला म्हटलं, "बाईस्नी मराठी येतंय की गं." आई म्हणाली, "येतंय न्हवं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तू शीक." एवढंच.

मॅडमना कन्नडबी येत होतं. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की मॅडम काय गोड कन्नड बोलायच्या. काजू, चहा, आणि कन्नड. म्हंजे बाईला तीन भाषा येत होत्या. त्यातली एकबी आमच्यासाठी न्हवती.

हे फक्त मराठीचं दुखणं हाय असं कुणी समजू नये. आमच्या वर्गात मल्लेश होता. त्याचंबी फ्री सीट. त्याच्या घरी कन्नड. त्याचे वडील बाजारात हमाली करायचे. पालक मीटिंगच्या दिवशी फी भरणाऱ्यांना हॉलमध्ये खुर्च्या आणि सरबत. आम्हाला सगळं आवरल्यावर ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर. त्या बाकावर माझी आई आणि मल्लेशचे वडील शेजारी शेजारी बसायचे. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मस्त गप्पा. पाऊस कवा पडणार, घरमालक किती वाईट, पोरं किती हट्टी. बाहेर चौकात पाट्यांवरनं मोर्चे निघायचे. मराठी का कन्नड, कन्नड का मराठी. हितं बाकावर कुणाचं काय अडत न्हवतं. अडायचं ते दार उघडल्यावर. आत गेलं की मल्लेशच्या वडलांचं कन्नड बंद, माझ्या आईचं मराठी बंद. दोघंबी मुकी. आणि बोलायला आम्ही पोरं.

पोराला दुभाषी केलं की काय होतं, ते कुणी सांगत न्हाय. मी सांगते.

मी चौथीत असताना मॅडम म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, तुझ्या डोक्याला एवढं तेल लावू नको, वर्गात वास येतो, बाकीच्यांच्या तक्रारी येतात. हे त्या इंग्रजीत म्हणाल्या. मराठीत मी म्हणाले. माझ्या तोंडानं. माझ्या आईला. "आई, माझ्या डोक्याला तेल कमी लाव. वास येतोय म्हणतात."

रोज सकाळी आई कामाला जायच्या आधी माझी वेणी घालायची. दोघींनी निवांत बसायचा तेवढाच एक वेळ. आई म्हणाली, "बरं."

पाचवीत डब्यावरनं. सहावीत, वडलांनी शाळेत येताना फाउंड्रीचे कपडे घालून येऊ नये म्हणून. सातवीत, हिला घरी इंग्रजी बोलायला शिकवा म्हणून. कुणी शिकवायचं, ते काय सांगितलं न्हाय. दर वेळी शिवी त्यांची, तोंड माझं. मॅडमचे हात स्वच्छ. त्या आईला कधी काही बोलल्याच न्हाईत. बोलले ती मी.

आठवी संपत आली. कायद्यातलं फुकट शिक्षण आठवीपर्यंतच. नववीत जायचं तर शाळेनं घ्यायला पायजे. आईनं वर्षभर आधीपासनं अजून एका घरचं काम धरलंतं. फी भरायची तयारी होती. माझे मार्क चांगले होते. गणितात तर मी वर्गात पहिल्या पाच-सहांत होते. मला त्याच शाळेत दहावी करायची होती. मला ती शाळा आवडायची, हे आता सांगताना माझंच मला नवल वाटतं. पण आवडायची. लायब्ररी होती. लॅब होती. मैत्रिणी होत्या. ते सगळं माझं हाय असं मला वाटत होतं.

त्या दिवशी आधी मल्लेश आणि त्याचे वडील आत गेले. आम्ही बाकावर. थोड्या वेळानं दोघं बाहेर आले. वडलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवलाता. मी विचारलं, "काय झालं रं?"

मल्लेश म्हणाला, "मी हितं शोभत न्हाय म्हणे. बोर्डाचा रिझल्ट खराब होईल माझ्यानं. गव्हर्मेंट शाळेत जायचं."

"वडलांस्नी कुणी सांगितलं?"

"मीच की. अजून कोण सांगणार?"

साधं बोलला तो. बस चुकली असं सांगावं तसं. मी नालायक हाय, असं त्यानं आपल्या बापाला आपल्या तोंडानं, आपल्या भाषेत समजावून सांगितलंतं. बाप नको म्हणाला असता तर ह्यानंच पटवलं असतं. आणि मला दिसत होतं, सांगता सांगता ते त्याला खरं वाटलंय.

मग आम्हाला बोलावलं.

आईनं नव्या घडीचं पातळ नेसलंतं. खुर्च्या दोन होत्या, बसा कुणी म्हणालं न्हाय. मॅडम बोलायला लागल्या. इंग्रजीत, सावकाश, माझा एकबी शब्द चुकू नये म्हणून. तिला सांग, फ्री सीट संपलं. तिला सांग, फी भरली तरी आम्हाला रिझल्टचा विचार करावा लागतो. तिला सांग, ही मुलगी इथं शोभत नाही. तिच्यासारख्या मुली आपापल्या भाषेच्या शाळेत जास्त सुखी असतात.

मग त्या थांबल्या. पेन उचललं. पुढचं काम माझं.

आई म्हणाली, "काय म्हणतात गं?"

माझ्या ओठांशी आलंतं ते वाक्य. सवयच होती. एकदा का ते मी बोलले असते की संपलं असतं. मला नाकारणारी मीच झाले असते. मला बाहेर मल्लेश दिसत होता.

मी म्हणाले, "मी सांगणार न्हाय."

"व्हॉट?"

"मी सांगणार न्हाय मॅडम. तुम्हाला मराठी येतंय. माझ्या आईशी तुम्हीच बोला."

शूर बीर काय न्हवते मी. पण तोंड एकदा मिटलं ते मिटलं.

मॅडम उठल्या. आणि मग आली मराठी. "निर्लज्ज कार्टी. इतकी वर्षं फुकटात शिकवलं, त्याचे हे पांग फेडतेस?"

इतक्या वर्षांत मॅडमनी आमच्याशी मराठीत बोललेली ही पहिली वाक्यं. शिवी द्यायला मराठी चालत होतं तर.

आईनं काय करावं? खुर्ची ओढली आणि बसली. पदर नीट केला. म्हणाली, "हां. आता बोलूया बाई. माझ्या पोरीला नववीत घेणार का न्हाय?"

"जागा नाही."

"जागा न्हाय का माझी पोरगी नको? कंचं ते सांगा. म्हंजे मला घरात सांगायला बरं."

मॅडमनी बेल वाजवली. शिपाई आला. त्याला म्हणाल्या, "ह्यांना बाहेर ने." तेबी मराठीत.

बाहेर आल्यावर आईनं मला जवळ घेतलं न्हाय, शाबासबी म्हणाली न्हाय. रेल्वे गेट पडलंतं, तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "आता कुठली शाळा बघायची?" तिला खरी काळजी ती होती. मलाबी होती. रात्री आप्पा चिडला. येळ्ळूरचे चुलते म्हणाले, पोरीनं जीभ आवरायला पायजे होती, हातचं सीट घालवलं. आजबी आमच्यात कुणी कुणी असंच म्हणतं. त्यास्नी माझं एकच सांगणं. सीट मी तोंड उघडायच्या आधीच गेलंतं. मी फक्त ते माझ्या तोंडानं घालवलं न्हाय.

मी सरकारी हायस्कुलात मराठी माध्यमात गेले. फुलं अंथरून ठेवली न्हवती तिथं. फोटोसिंथेसिस मला यायचं, प्रकाशसंश्लेषण येत न्हवतं. पहिल्या चाचणीत विज्ञानात नापास. इंग्लिश शाळेतनं हाकललेली म्हणून पोरी चिडवायच्या. विज्ञानाचे सर म्हणाले, "तुला येतंय त्या भाषेत लिही, शब्द मी शेजारी लिहून देतो." बास, एवढीच गोष्ट. ह्याला पैसा लागत न्हाय, लॅब लागत न्हाय. मनात असावं लागतं. दहावीला मी फर्स्ट क्लासात आले. त्याचा मला आनंद हाय, पण त्यानं हिशेब मिटत न्हाय. शब्द बदलण्यात माझं एक वर्ष गेलं. मल्लेशनं तर नववीतच शाळा सोडली. आता वेल्डिंगच्या दुकानात असतो. हुशार पोरगा. भेटला की हसतो आणि म्हणतो, "आपल्याला कुठं जमणार होतं गं." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. ते वाक्य त्याचं न्हवंच.

आता मी डिग्रीला हाय. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांचा अभ्यास घेते. त्यात शिल्पा म्हणून चौथीतली पोरगी हाय. तिची आई गंगव्वा बैलहोंगलकडची, बांधकामावर जाते, तिला कन्नडच येतं. पोरगी दुसऱ्या एका इंग्लिश शाळेत, पूर्ण फी भरून. गेल्या महिन्यात शिल्पा म्हणाली, "आक्का, उद्या मीटिंग हाय. मला पोटात दुखतंय." मला डॉक्टर लागला न्हाय कळायला.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तिथल्या मॅडमनी शिल्पाकडं बघून सुरू केलं, "टेल युअर मदर." मी शिल्पाला म्हटलं, जा, ग्राउंडवर खेळ. ती पळाली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारीण. मुलीबद्दल जे काय सांगायचं ते गंगव्वाला सांगा. कन्नड तुम्हाला येतं, आत्ता वॉचमनशी बोललासा. येत नसलं तर मी हाय, मी मोठी हाय, मी सांगते. चौथीतली पोरगी सांगणार न्हाय.

त्या म्हणाल्या, शाळेचा नियम हाय. मी म्हटलं, कुठं लिहिलाय तो दाखवा.

दाखवला न्हाय. कपाळाला आठ्या घालून गंगव्वाशी बोलल्या, कन्नडात. वाचन कच्चं हाय, घरी वाचून घ्या, एवढंच होतं सांगायचं. मोठ्या माणसाला मोठ्या माणसानं सांगायची साधी गोष्ट. गंगव्वानं दोन प्रश्न विचारले, त्याची उत्तरं मिळाली. निघताना मॅडम मला इंग्रजीत म्हणाल्या, पुढच्या वेळेला बाहेरच्या माणसांना आत सोडणार नाही.

आता गल्लीतल्या अजून चार आयांनी मला सांगून ठेवलंय. कुणाची भाषा कन्नड, कुणाची मराठी, एकीची उर्दू. मला उर्दू नीट येत न्हाय. शिकतेय. पुढच्या मीटिंगला मी जाणार हाय. आत सोडलं तर आत. न्हाय सोडलं तर ह्या सगळ्या आया आणि मी गेटावर उभ्या राहणार, आणि मॅडमना बाहेर येऊन बोलावं लागेल, आईशी, आईला कळेल असं. लेकरू मधे ठेवून कुणाला आईबापाचा अपमान करता येणार न्हाय. मी त्यांना तो करू देणार न्हाय.