पोटाकडचं चामडं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर काहीही आलं की आधी डोळ्याला भिंग लावायचं. धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात, माझ्या एवढ्याशा दुकानात मी वीस वर्षं हेच करत आलो. मोबाइल आल्यापासून घड्याळं कमी झाली आणि येणाऱ्यांतले निम्मे नुसता पट्टा बदलायला येतात. तयार पट्टे सहा महिन्यांत सोलतात. एकदा चिडून मी तसला एक पट्टा उभा चिरला, तर आत चक्क पुठ्ठा! मग खरं चामडं कसं असतं, हा प्रश्न डोक्यात शिरला तो निघेचना.

दुकानासमोर, बाजाराच्या वाटेवर, चपला शिवणारे एक काका बसतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागलो. सुरुवातीला तेच अवघडले. "घडीवाले भाऊ, लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, म्हणू द्या. मग भोक पाडायची आरी कशी धरायची, एकाच भोकातून दोन सुया समोरासमोर कशा काढायच्या, कडा लाकडाने घासून गुळगुळीत कशी करायची, हे त्यांनी शिकवलं. घड्याळात प्रत्येक चाकाची जागा ठरलेली असते. चामडं ओलं असताना एक असतं आणि वाळल्यावर दुसरंच. असं का, तसं का, हे विचारून मी काकांना भंडावून सोडलं.

घरी मात्र यातलं काही नेण्याची सोय नव्हती. आमचं घर शेतकऱ्याचं आणि बाबांच्या लेखी चामडं म्हणजे अंगणाबाहेरची वस्तू. कमरेचा पट्टासुद्धा मी ओसरीतल्या खुंटीला अडकवून आत जायचो. माझा नवा उद्योग कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "घडीचं काम सोडून हे कायले करून राह्यला?" पुढे महिनाभर तुटक बोलले. मला राग यायचा. पण त्याहून जास्त, त्यांनी माझ्या हातचं काम एकदा तरी हातात घेऊन पाहावं असं वाटायचं.

मग घड्याळाच्या स्टीलच्या साखळीने बाबांच्या मनगटाला पुरळ उठलं आणि डॉक्टरने साखळी बंद करायला सांगितली. बाबांना घड्याळाशिवाय करमत नाही. मी भीत भीत म्हटलं, "मी पट्टा करून देतो." ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

काकांकडून मी चामड्याचा मोठा तुकडा आणला आणि भिंग लावून इंच न् इंच तपासला. एका बाजूला काट्यांचे ओरखडे, गोचिडांचे डाग. दुसरी बाजू एकदम स्वच्छ. मी अर्थातच स्वच्छ बाजूचा पट्टा कापला. काकांना विचारायची गरजही वाटली नाही. टाके असे सरळ आले की मीच माझ्यावर खूश. बाबांनी पट्टा बांधला, त्यावरून अंगठा फिरवला. मग रोज बांधू लागले.

धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत पट्टा सैल पडला, त्याची भोकं लांबली आणि एका दुपारी परे, म्हणजे रोपांच्या जुड्या, शेतात टाकताना घड्याळ बांधीच्या चिखलात गेलं. बाबा तासभर अनवाणी पायांनी चिखल चाचपत फिरले, तेव्हा कुठे ते पायाला लागलं. घड्याळ मी उघडलं, धुतलं, वाळवलं आणि ते चालूही झालं. पट्टा काकांनी दोन बोटांत धरून ओढला आणि ते हसायला लागले. "हे तं पोटाकडचं हाय, भाऊ. पोटाचं चामडं साफ दिसते, पन तनते. पाठीचं घ्या लागते, डाग असले तरी."

वीस वर्षं ज्या भिंगाच्या जोरावर पोट भरलं, त्यानेच मला तोंडघशी पाडलं होतं. आता बाबांपुढे कोणत्या तोंडाने जायचं? पट्टा का ताणला ते त्या रात्री खाली मानेने त्यांना सांगितलं आणि हा नाद पुरे, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा आले. मला वाटलं, घड्याळ न्यायला आले असतील. ते माझ्या दुकानाकडे न वळता सरळ काकांसमोरच्या पोत्यावर जाऊन बसले. मी घाबरून त्यांच्या मागे धावलो.

"पोटाचं तनते, हे माह्या पोराले पयलेच काऊन नाही सांगतलं?" बाबा काकांना विचारत होते.

"इचारलं असतं तं सांगतलं असतं, पटील. त्यायनं भिंगानं पायलं."

बाबा मोठ्याने हसले. मला शरमही वाटली आणि जीव भांड्यातही पडला. मग त्यांनी डावा हात पुढे केला. "आता पाठीचा पट्टा पायजे. माप घे."

काकांनी सुतळी उचलली, बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि ती माझ्यापुढे धरली.

"त्याले नको देऊ," बाबा म्हणाले. "तू घे."

काकांनी दोन्ही हात लुंगीला पुसले, पुन्हा पुसले. आमच्या घरच्या चपला त्यांनी जन्मभर शिवल्या होत्या. बाबांचं मनगट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरलं.