खुणेचं अंडं

मासिंदेसारखा अधाशी माणूस एल्गन डोंगराच्या त्या उतारावर दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. कोंबडी कापली की तिचा पेटा, म्हणजे पोटातली दाणे दळणारी मांसल पिशवी, घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात पडायचा, हा तिथल्या बुकुसू जमातीचा रिवाज. मासिंदेचं कर्तेपण त्या पेट्यापासून सुरू होई आणि तिथेच संपे. शेत बायको कसायची, पाणी-सरपणही तीच आणायची. हा आपला अंगणातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवायचा.

त्या वर्षी मानमोडीच्या साथीने गावातल्या कोंबड्या साफ केल्या. शेजाऱ्याचा एक कोंबडा वाचला आणि मासिंदेच्या घरची एक तलंग, अजून पहिलं अंडंही न दिलेली तरणी कोंबडी. त्याची बायको नालियाका तिला जिवापाड जपायची. ही तलंग अंड्यांवर बसली तरच अंगणात पुन्हा पिल्लं फिरणार होती. चुलीमागच्या टोपलीत तलंग अंडी देऊ लागली. सुरुवातीची बारकी अंडी नालियाका उचलून घेई, पण एकावर कोळशाची रेघ ओढून ते तिथेच ठेवी. टोपली रिकामी दिसली की कोंबडी जागा सोडते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

नालियाका शेतात असताना एका दुपारी मासिंदेने ते खुणेचं अंडं उकडलं. शिळं होतं, वास मारत होतं, तरी गिळलं. टरफलं कणगीमागच्या कडब्यात कोंबली आणि स्वारी पुन्हा खुर्चीत.

दुसऱ्या दिवसापासून टोपलीत अंडं नाही. खुणेचं अंडं मुंगसाने नेलं असेल, असं त्याने बेधडक सांगून टाकलं. दिवसभर अंगणातच असता, तर तलंग कुठे जाते तेवढं बघा, असं नालियाकाने विनवलं. याच्याने तेवढंही झालं नाही. बसल्या बसल्या घोरत असायचा. वर निदान सांगायचा, शेजारणीची नजर लागली म्हणून.

मग नालियाकाचा भाऊ वासिके आला. मासिंदेला आयतंच निमित्त मिळालं.

"तलंग वांझ निघाली," तो मेव्हण्यासमोरच मोठ्याने म्हणाला. "आता तुझ्या भावाला नुसता पाला वाढणार का?"

सख्ख्या भावासमोर कोंबडी नाकारायची कशी? मासिंदेने लगेच सुरी फिरवली. कोंबडी साफ करताना नालियाकाच्या हाताला आधी टणक कवचाचं अंडं लागलं, मागे बलकांची माळ. म्हणजे तलंग दुसरीकडे कुठेतरी अंडी घालत होती. बाहेर मासिंदे विचारत होता, पेटा शिजला का.

सकाळी तिने अंगणाचा कोपरा न् कोपरा उचकला. कणगीमागच्या कडब्यात तलंगेने नवी जागा केली होती. अंड्यांचा ढीग होता, गार पडलेला. शेजारीच टरफलं, त्यांतल्या एकावर कोळशाची रेघ. तिच्या डोक्यात सगळा उजेड पडला. तिने सगळं टोपलीत भरलं आणि भावादेखत नवऱ्यासमोर ठेवलं.

"नेकेसाचे बाबा, गावात आता अंड्यांवर बसायला कोंबडी उरली नाही," ती लेकीच्या नावाने हाक मारून म्हणाली. "तुम्हाला तसंही बसण्यापलीकडे काम नाही. घ्या, बसा."

वासिकेने मान खाली घातली. बहिणीच्या नशिबाची त्याला लाज वाटली असावी. मासिंदेला कसली लाज? त्याने टोपलीवर वाकून एकेक अंडं हलवून पाहिलं.

"यातली ताजी कुठली?" त्याने विचारलं.