अक्काच्या बेदाण्याने नापास केलेली घरं

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या पोटात दुखेल. कालच रत्नागिरीहून परत आलेय, बॅगसुद्धा उघडली नाहीये. मला आमच्या अक्काबद्दल सांगायचंय.

अक्का म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नात्याने माझी आत्या, पण तासगावच्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची अक्काच. तीस वर्षं ती बेदाण्याच्या शेडवर होती, निवडणाऱ्या बायकांची मुकादम. बेदाणा नीट वाळलाय का ते चिमटीत दाबून बघायचं, हे तिचं काम. त्यामुळे समोर येईल ते दाबायची तिला सवय. उशी, पाव, माझा गाल. मला बघायला आलेल्या एका मुलाचा दंडसुद्धा तिने दाबला आणि पोह्यांच्या बशीवरून सगळ्यांदेखत म्हणाली, "अजून चार दिस शेडवर पायजे." ते स्थळ परत आलं नाही. मी आजही तिची आभारी आहे.

नवरा वारल्यावर अक्का आमच्याकडे आली ती मधल्या खोलीत. मधली खोली म्हणजे काय, तर बाथरूमला जायचा रस्ता. भिंतीला अक्काची कॉट, बाकी सगळी रहदारी. पप्पा टॉवेल गुंडाळून तिथूनच जायचे, पाहुणे चपलांसकट जायचे, मी तर लहानपणी सायकल घेऊन जायचे. साडी बदलायला अक्का धान्याच्या कोठीत जायची. हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. मलापण नाही, खरं सांगते.

मग दोन वर्षांपूर्वी ती बेदाण्याच्या टेम्पोत बसून रत्नागिरीला माल पोचवायला गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघून आली. आल्या आल्या जाहीर केलं, "एवढं पानी, आन् भरायला पाळी कुणाचीच न्हाई. मी तितं घर घेनार. माझ्या पैशानं, माझ्या नावावर." पप्पा आधी हसले. मग लोक काय म्हणतील ते झालं, मग स्वतःचं बीपी झालं, शेवटी म्हणाले, मधल्या खोलीला रंग देऊ. अक्का म्हणाली, रस्त्याला रंग देत न्हाईत, डांबर घालत्यात.

मी साताऱ्याला नोकरीला. शनिवारी मी तिकडून, ती तासगावहून, कोल्हापूरच्या स्टँडवर भेटायचो आणि घाट उतरायचो. रत्नागिरीच्या जरा बाहेर नव्या इमारती झाल्यात, तिथे एक एजंट आम्हाला फिरवायचा. बिचारा फार सभ्य होता. प्रत्येक ठिकाणी म्हणायचा, मावशी, अगदी शांत परिसर आहे. अक्काने त्याला एकदाच समजावलं, "शांत म्हंजे कसं, हाक मारली तर कुणीतरी यायला पायजे, आन् न मारता कुणी यायला नगो."

आणि मग परीक्षा. अक्का पिशवीतून बेदाणे काढायची, प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात पेपरवर मूठ मूठ ठेवायची आणि आम्ही चहाला जायचो. दोन तासांनी येऊन दाबायची. चिकट लागला की घर ओलं, नापास. अशी सहा घरं नापास झाली. कारण उघड आहे, समुद्राजवळ सगळंच ओलं असतं. एजंटने हात जोडून सांगितलं की मावशी, ही हवाच तशी आहे. अक्काने विचारलं, दुसरी न्हाई का?

सातव्या घराला पप्पा स्वतः आले. मदतीला नाही, मोडता घालायला. दुसरा मजला, पश्चिमेला बाल्कनी, समोर दोन नारळांच्या मधून समुद्र. बेदाणे मांडून झाले, तर दिवस कलायला आला. आम्ही जैन, जेवण सूर्य मावळायच्या आत. तासगावात समोरच्या तीन मजल्यांमागे सूर्य लवकर गडप होतो आणि पप्पा जाहीर करतात, मावळला, ताटं उचला. अक्का कायम अर्धपोटी उठायची, कारण वाढणारी तीच. इथे ती बाल्कनीत डबा उघडून बसली आणि सूर्याची शेवटची कड बुडेपर्यंत सावकाश जेवली. आम्हाला म्हणाली, हितं कुणाच्या सांगण्यावरनं हात धुवायला नगो.

पप्पांनी तेवढ्यात आतला बेदाणा दाबला होता. ते खुशीत बाहेर आले. "अक्का, चिकटाय लागलाय बघ. ओलं घर घ्यायचं न्हाई, तूच म्हंतीस."

अक्काने दोन बेदाणे चिमटीत धरून दाबले. व्हय, ओला हाय, म्हणाली. पप्पांनी गाडीची किल्ली काढली. मला तर रडूच येणार होतं.

"बाळू," अक्का म्हणाली, "बेदाणा वाळवायचा असतोय. मला कशापायी वाळवतासा रं?"

एजंट स्वतःच्या हेल्मेटकडे बघत बसला. पप्पांनी किल्ली परत खिशात टाकली. मग एजंटने विचारलं, नाव कुणाचं टाकायचं? अक्काने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आणि नीट लिहिलंय का ते वाकून बघितलं.

आता कालचं. ती राहायला गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच गेलो. पप्पांनी सवयीने दार ढकललं. आतून कडी. बेल मारली. आतून आवाज, कोण हाय? म्हणाले, मी, बाळू. तर अक्का म्हणाली, "थांब, साडी बदलतीया."

मला वाटलं आता पप्पा चिडणार. ते ज्वारीच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरताना म्हणाल्या, घरात आहेत हो त्या. पप्पा म्हणाले, ठाऊक हाय. मग उठून त्यांनी शर्ट आत खोचला, केसांवरून हात फिरवला. दार उघडलं तेव्हा ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि विचारलं, "येऊ का आत?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बहिणीला पहिल्यांदा विचारत होता. अक्काने त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, ये.

तुमच्या घरात आहे का हो अशी एखादी मधली खोली? कोण झोपतं तिथे? आणि तुम्ही तिथून जाताना कधी विचारलंय?