जाजमावरचा हिमालय

आजकाल कोणीही उठतो आणि सांगतो, भूखंड एकमेकांवर आदळतात, कडा चुरगळतात आणि त्यांचे पर्वत होतात. शाळेतलं पोरगंही हे घडाघडा म्हणतं अन् वर मार्क मिळवतं. मिळवू दे बापडं. याच वाक्यापायी मला घरी बसवलं होतं, म्हणून जरा पोटात दुखतं, एवढंच.

निजामाच्या राज्यात मी पाथरीच्या शाळेत भूगोल शिकवायचो, तोही उर्दूत. नोकरी हंगामी. तपासणीचे साहेब खूश झाले, तरच कायम होणार होतो. झरीला घरी आई, बायको आणि पाळण्यातली लेक. निघताना बायकोनं बजावलं, "अवो, पुस्तकात हाय तेवढंच बोला." पुस्तकात होतं, की पृथ्वी थंड होऊन आक्रसली, तिला सुरकुत्या पडल्या, तेच डोंगर. पण मी हैदराबादेत एका मासिकात हा जमीन सरकण्याचा नवा विचार वाचून आलेलो. अंगात विद्वत्ता संचारली होती ना!

तपासणीच्या दिवशी वर्गात साहेबांसाठी अंथरलेलं जाजम बघून मला भलतंच सुचलं. दोन दांडगी पोरं उठवली. एकाला म्हटलं, तू आशिया, तिकडून दाबून धर. दुसऱ्याला म्हटलं, तू हिंदुस्थान, दक्षिणेकडून रेट. त्यानं असा रेटा दिला, की मधोमध हिमालय उभा राहिला. उकाड्यामुळं साहेबांनी जाजमाच्या दक्षिण कडेला काढून ठेवलेली गोंड्याची रुमी टोपीही जाजमाबरोबर उत्तरेला निघाली.

"बहुत खूब!" साहेब हसले. मग त्यांची नजर टोपीवर गेली. रियासत स्वतंत्र राहणार, हिंदुस्थानात जाणार नाही, असं तेव्हा उठताबसता ऐकवलं जायचं.

"मास्टर, इसमें अपनी रियासत कहाँ है?"

"जी, दक्खन में. आपकी टोपी के पास."

"तो ये भी हिंदुस्तान के साथ सरकती है?"

हेडमास्तर मागून जीव तोडून खोकत होते. 'नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पण आमचं तोंड!

"जी हुजूर. जमीन तो एकीच है."

साहेबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. आठवड्याच्या आत माझी रवानगी झाली. राजद्रोही भूगोल शिकवत होतो म्हणे!

बैलगाडीनं झरीला आलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. लेक मांडीवर होती.

"आपल्या मुलखात टेकाड तरी हाय का एखादं? अन् तुमी डोंगरापायी नोकरी घालवून यायलाय!"

मला लाजही वाटली आणि रागही आला. मी तिला समजावू लागलो. जमीन खरंच सरकते, पण लय हळू. माणसाच्या अख्ख्या जन्मात कळतही नाही. एक पर्वत व्हायला लाखो वर्षं जातात.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"लाखो वर्षं लागत्यात ना? मग साहेबाचा टांगा येशीबाहेर जाईस्तोवर ती जमीन जरा थांबवता नाही आली व्हय तुमाला?"